न दिसलेला बिबट्या

सातपुड्याच्या उतारावर एक रान आहे. त्या रानातले वानर आणि चितळ फार पूर्वीपासून एकमेकांच्या भरवशावर पाणी पीत असत. भरवसा हा शब्द मी उगीच वापरलेला नाही, मुलांनो. वैशाख लागला की तिथले ओढे आटत, डबकी वाळून त्यांना भेगा पडत आणि साऱ्या रानाला मिळून एकच चिंचोळा डोह उरे. डोहाच्या अलीकडच्या काठाला अर्जुनाचे उंच झाड होते आणि पलीकडच्या काठाला करवंदाची दाट जाळी. पाणी प्यायला मान खाली घालावी लागते आणि मान खाली घातली की जाळी दिसत नाही. त्या जाळीत बिबट्या येऊन बसे.

म्हणून दोघांनी मिळून एक रीत घालून घेतली होती. चितळांचा कळप पाण्यावर आला की चितळ जिला मावशी म्हणत अशी एक म्हातारी वानरी अर्जुनाच्या शेंड्यावर चढून बसे. कळपाचा म्होरक्या पुढचा खूर दोनदा जमिनीवर आपटे, म्हणजे आम्ही आलो. वानरी वरून फांदी हलवी, म्हणजे मी बघते आहे. मगच माना खाली जात. वानरीने घसा खाकरून 'खक्' असा आवाज काढला की कळपाने तत्काळ पळायचे. का, कुठे, कोणापासून, हे विचारत बसायचे नाही. पुढे वानरांची टोळी पाण्यावर उतरली की चितळ वाऱ्याकडे नाक करून उभे राहत, कारण वानरांची नजर तेज असली तरी वास ओळखण्यात ते अगदीच कच्चे. चितळ 'कूक' असे ओरडले की वानर झाडावर. शिवाय डोहाजवळच्या उंबरावर बसून वानर जेवढे खात त्याहून जास्त खाली सांडत, आणि ती पडलेली उंबरे चितळ वेचून खात. असा दोघांचा संसार चालला होता.

या रीतीत एक उणीव मात्र होती. चुकवलेला बिबट्या कोणाला दिसत नाही. वानरी खाकरली, कळप पळाला, बिबट्या जाळीतल्या जाळीत मागे फिरला. मग तो होता की नव्हता, हे सांगायला मागे काहीच राहत नसे. इतकी वर्षे ही उणीव कोणाच्या ध्यानात आली नव्हती. ती आली एका डोमकावळ्याच्या.

हा डोमकावळा बिबट्याच्या शिकारीतले उरलेसुरले खात असे. त्या वर्षी दोन महिने बिबट्याला डोहावर काहीच मिळाले नव्हते, त्यामुळे कावळ्यालाही मांस मिळाले नव्हते. तो उपाशी होता असे मात्र समजू नका. रानात किडे होते, बेडूक होते, दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी होती. मला विचाराल तर त्याला भुकेपेक्षा वेगळाच आजार होता. दोघे गुण्यागोविंदाने राहताना दिसले की त्याच्या पोटात दुखे. अशी मंडळी तुम्हालाही भेटतील, तुमच्या वर्गातसुद्धा भेटतील, तेव्हा पुढचे नीट ऐका.

एका दुपारी वानरी खाकरली आणि कळप टेकाडावर पळून गेला. सगळे धापा टाकत उभे होते, तेवढ्यात डोमकावळा जवळच्या खोडावर येऊन बसला.

"काय झालं, दादा?" त्याने म्होरक्याला विचारले.

"मावशीने इशारा दिला."

"हो का? मी तिकडूनच आलो. बिबट्या पाहिलात तुम्ही?"

"नाही."

"कळपात कोणी पाहिला?"

चितळांनी एकमेकांकडे पाहिले. कोणीच पाहिला नव्हता.

"नसेल दिसला," कावळा म्हणाला. "मी काही म्हणत नाही. तुम्ही पळालात आणि वानरं खाली उतरून उंबरं वेचायला लागली, एवढं मात्र मी पाहिलं. तुमच्या वाट्याची होती ना ती? असू दे. माझं नाव नका घेऊ कुठे."

वानर उंबराखाली उतरले होते, हे खरे होते. धोका टळल्यावर ते रोजच उतरत. पण तसे कोणाच्या डोक्यात आले नाही. म्होरक्या थकला होता, त्याला तहान लागली होती, आणि तो हसत एवढेच म्हणाला, "म्हातारीला हल्ली सावलीतही बिबट्या दिसतो."

बोलण्यात विष नव्हते. कंटाळ्याने निघालेले वाक्य होते. पण कावळ्याने ते उचलले आणि तडक वानरांच्या नायकाकडे गेला. या नायकाला सगळे हुप्प्या म्हणत. तो अंगाने दांडगा, मनाने सरळ आणि डोक्याने भलताच गरम होता.

"नायक, तुमच्यासाठी जीव तुटतो म्हणून सांगतो," कावळा म्हणाला. "चितळ म्हणतात, तुमची म्हातारी आंधळी झालीय. म्हणतात, उंबरं लाटायला खोटे इशारे देते."

"कोण म्हणतं?" हुप्प्याने दात दाखवले.

"नावं कशाला विचारता? सगळेच म्हणतात."

पलीकडच्या फांदीवर म्हातारी वानरी बसली होती. तिच्या कानांवर सगळे पडले. ऊन कलल्यावर तिने कावळ्याला गाठले. तो एकटा होता आणि तीही मुद्दाम एकटीच गेली.

"आमच्यात रीत आहे," ती म्हणाली. "कोणी चुकला तर पहिल्यांदा त्याला एकट्याला गाठून सांगायचं. चारचौघांत त्याची शोभा करायची नाही. तू मघाशी जे बोललास ते ज्याने म्हटलं असेल, त्याच्यासमोर चल. तिथे बोल. मी ऐकून घेईन. तिथे बोलायची तयारी नसेल तर इथेही बोलू नकोस."

"मावशी, मी तर तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं माझ्या पाठीमागे कसं होईल रे?"

कावळ्याने मान खाली घातली. चुकलो म्हणाला, पुन्हा नाही करणार म्हणाला, आणि उडून गेला. त्यानंतर तो शहाणा झाला, पण एवढाच की वानरी जवळ असताना तो तोंड उघडत नसे.

इथे म्हातारीचेही चुकले, हे मला सांगितलेच पाहिजे. कावळ्याला जे सांगितले ते तिने स्वतः केले नाही. तिने चितळांकडे जाऊन विचारायला हवे होते. पण ते बोलणे तिला लागले होते. आयुष्यभर ज्यांच्यासाठी उन्हात शेंड्यावर बसलो, त्यांनी आपल्याला आंधळी म्हणावे, याचे तिला वाईट वाटले. वाईट वाटले की पाय उचलत नाहीत. ती गेली नाही, चितळही आले नाहीत, आणि दोघांच्या मधली सगळी जागा कावळ्याला मोकळी मिळाली.

पुढच्या आठ दिवसांत त्याने ती जागा भरून काढली. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे, आणि प्रत्येक खेपेला पदरचे थोडे जास्त. म्होरक्याचे खूर आपटणे हळू झाले. वरून फांदी हलायची, पण नाइलाजाने हलल्यासारखी. आणि एके सकाळी म्होरक्याने कळपाला सांगितले, "यापुढे मावशी खाकरली तर आधी मान वर करून बघायचं. बिबट्या दिसला तरच पळायचं. उगाच रोज तहानलेलं राहायचं कोणासाठी?"

कळपात एक तरुण हरिणी होती. तिचे पाडस जेमतेम पंधरा दिवसांचे होते. नियमातला हा बदल ऐकून तिने पाडसाकडे पाहिले. बिबट्या दिसल्यावर मोठे चितळ पळू शकतील. पंधरा दिवसांचे पाडस कसे पळणार? पण कळपातल्या आयांमध्ये ती सर्वांत लहान होती. मोठ्यांपुढे बोलायचे कसे, म्हणून गप्प राहिली.

दोनच दिवसांनी ते घडले. दुपार कलत होती. कळप पाण्यावर होता. एक तरणा चितळ, ज्याची शिंगे अजून मऊ होती, तो सगळ्यांच्या पुढे पाण्यात उभा होता. त्याच्या मागे एका उडीच्या अंतरावर हरिणी आणि तिचे पाडस.

"खक्."

सगळ्यांच्या माना वर झाल्या आणि तिथेच थांबल्या. जाळी जशीच्या तशी होती. पान हलत नव्हते.

"खक्. खक्." वानरीचा आवाज चिरकला. ती शेंड्यावर उभी राहून फांदी गदागदा हलवत होती. चितळ बघत होते. हरिणीला पळावेसे वाटले, पण सगळे उभे होते म्हणून तीही उभी राहिली.

मग जाळीच धावत आल्यासारखी वाटली. बिबट्याने एकाच झेपेत तरण्या चितळाची मान धरली. पाणी उसळून पाडसाच्या अंगावर आले. कळप फुटला, ज्याला जिकडे वाट मिळाली तिकडे पळाला. हरिणी पाडसाला ढुशा देत टेकाडावर पोहोचली तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता.

त्या दिवशी कावळ्याला मांस मिळाले. पोट भरल्यावर चोच पुसून तो आधी चितळांकडे गेला. "म्हातारी उशिरा खाकरली," तो म्हणाला. "मुद्दाम. मी वरून बघत होतो. मला तर वाटतं, तुमची पोरं कमी झाली तर उंबरं जास्त उरतील, असा त्यांचा हिशेब आहे." मग तो वानरांकडे गेला. "चितळ म्हणतात, वानर बिबट्याला फितूर झालेत. तुमच्या म्हातारीने त्या पोराचा जीव घेतला असं म्हणतात."

हुप्प्याने जाहीर केले की उद्यापासून चितळांसाठी अर्जुनावर कोणीही चढणार नाही. म्होरक्याने जाहीर केले की उद्यापासून वानरांसाठी वाऱ्यावर कोणीही उभे राहणार नाही. आणि दोघांनीही एकमेकांचे म्हणणे ऐकले ते कावळ्याकडूनच.

आता पाहा काय झाले. राखणीशिवाय पाण्यावर जायची हिंमत दोघांपैकी कोणालाच होईना. पहिला दिवस चितळांनी दवावर आणि ओल्या मुळ्यांवर काढला. दुसऱ्या दिवशी जिभा सुजल्या. तिसऱ्या दिवशी हरिणीचे दूध आटले. पाडस ढुशा देई, चोखे, पुन्हा ढुशा देई. मग ते थकून गवतात बसले, आणि ती जवळ गेली तरी उठेना. हरिणीला रडता येत नव्हते, कारण अंगात तेवढे पाणीच नव्हते. आज पाणी मिळाले नाही तर उद्या पाडस राहणार नाही, हे तिला स्पष्ट कळत होते.

ती अशी उभी असताना डोमकावळा तिच्या अगदी जवळ येऊन बसला. त्याचा आवाज फार मायेचा होता.

"ताई, मला बघवत नाही गं. मोठ्यांच्या भांडणात लेकराचा जीव चाललाय. कळपाची वाट कशाला बघतेस? दुपारी एकटीच ये पोराला घेऊन. मी वरून राखण करतो. जाळी रिकामी असली की हाक मारतो."

हरिणीला तहान इतकी लागली होती की ती हो म्हणणार होती. ती दोन पावले पुढेही गेली. मग तिने विचारले, "त्या दिवशी मावशी उशिरा खाकरली, असं तुम्ही म्हणालात ना?"

"म्हणालो. मी पाहिलं ना."

हरिणीने पुढे काही विचारले नाही. ती त्या दिवशी तिथे होती. पहिली खाकर, दुसरी, तिसरी, सगळ्या तिने स्वतःच्या कानांनी ऐकल्या होत्या आणि त्यानंतर तीन श्वास जाळी हललीही नव्हती. उशीर वानरीने केला नव्हता, कळपाने केला होता. म्हणजे हा खोटे बोलत होता. एवढे खोटे बोलणारा पाण्यावर आपली राखण कशी करील? "बघते," एवढेच म्हणून ती पाडसापाशी परतली, त्याला गवताने नीट झाकले, आणि एकटीच वानरांच्या उंबराकडे निघाली.

तिथे जाणे सोपे नव्हते. ती झाडाखाली पोहोचण्याआधीच हुप्प्या धप्पकन खाली उतरला आणि दात विचकून तिच्यासमोर उभा राहिला. वरच्या फांद्यांवरून तरुण वानर काटक्या फेकू लागले. एक काटकी तिच्या कानाला लागली. ती मागे सरली नाही.

"मला मावशीशी बोलायचं आहे," ती म्हणाली. "बोलले की जाते."

"आम्ही खुनी ना?" हुप्प्या गुरगुरला. "मग आमच्याकडे काय काम?"

"खुनी कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी कळपात होते. असं कोणी म्हणालं नाही."

हुप्प्या गोंधळला. तेवढ्यात वानरी वरून उतरली. तीन दिवसांच्या तहानेने तिचेही ओठ फाटले होते.

"विचार," ती म्हणाली.

"मावशी, चितळांची पोरं मेली तर उंबरं उरतील, असं तुम्ही म्हणालात का?"

वानरी तिच्याजवळ सरकली. "तुझ्या पाडसाचा जन्म झाला ना, तेव्हा दिवसभर मी त्या जाळीवरची नजर काढली नव्हती, पोरी. मी असं म्हणेन का?"

"नाही म्हणणार."

"मग मीही विचारते. तुमच्या म्होरक्याने मला आंधळी म्हटलं का?"

हरिणी खरे बोलली. "आंधळी नाही म्हणाले. म्हातारीला हल्ली सावलीतही बिबट्या दिसतो, असं म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणाले."

"एवढंही लागतंच गं," वानरी म्हणाली. "पण एवढ्यासाठी मी राखण सोडली नसती."

मग दोघींनी एकेक गोष्ट समोर ठेवली. तू काय ऐकलेस, मी काय ऐकले. खोट्या इशाऱ्यांची गोष्ट, फितुरीची गोष्ट, उंबरांची गोष्ट. प्रत्येक गोष्ट एकाच चोचीतून आली होती. शेवटी हरिणीने कावळ्याचे त्या दुपारचे आमंत्रणही सांगितले.

"एकटीला बोलावलंय?" वानरीने विचारले. "पाडसासकट?"

"हो."

हे ऐकून हुप्प्या पेटला. "घरटं मोडतो त्याचं. एकेक पीस उपटतो."

"नको," वानरी म्हणाली. "तू त्याला मारलंस की तो रानभर रडत फिरेल आणि त्याची कीव करणारे चार जण त्याला मिळतील. मी त्याला एकदा एकट्याला सांगितलंय. आता दुसऱ्यांदा सांगायचं, सगळ्यांसमोर. आणि मी त्या दिवशी तुमच्याकडे यायला हवं होतं, पोरी. ते माझं चुकलं."

"मलाही कळपात बोलायला हवं होतं," हरिणी म्हणाली.

वेळ थोडा होता. हरिणी कळपाला घेऊन आली. म्होरक्या आला, पण कान पाडून, लाजत. तरण्या चितळाच्या आईकडे त्याला बघवत नव्हते. उंबराखाली एका बाजूला चितळ आणि दुसऱ्या बाजूला वानर उभे राहिले आणि त्यांनी डोमकावळ्याला बोलावून घेतले. वानरीने आणि हरिणीने त्याने सांगितलेली एकेक गोष्ट सर्वांसमोर मांडली आणि विचारले, "हे तू बोललास का?"

कावळ्याने आधी आठवत नाही म्हटले. मग माझ्या बोलण्याचा विपर्यास केला म्हटले. मग तो रडला. आणि रडता रडताच हुप्प्याकडे सरकून हळूच म्हणाला, "बघा, बघा, तो म्होरक्या आत्ता तुमच्याकडे कसा बघतोय."

म्होरक्या त्या वेळी जमिनीकडे बघत होता. सगळ्यांनी ते पाहिले.

"हे दुसऱ्यांदा सांगणं झालं," वानरी म्हणाली. "तिसऱ्यांदा सांगायची आमच्यात रीत नाही. सुधारलास तर याच झाडावर बस, तुलाही पाण्याची वेळ देऊ. नाही सुधारलास तर आमच्यापुरता तू इथे नाहीस."

कावळ्याने शपथा घेतल्या. आणि सावली हातभर सरकली नसेल, तोवर एक तरुण वानर धावत वानरीकडे आला. कावळा त्याच्या कानाशी लागला होता. म्हातारीने चितळांपुढे लोटांगण घातलं, वानरांचं नाक कापलं, असे सांगत होता.

वानरीने कळपाला आणि टोळीला जवळ बोलावले. "आता ऐका," ती म्हणाली. "त्याला मारायचं नाही, त्याचं घरटं मोडायचं नाही. पण तो बोलला तर ऐकायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. शिवीसुद्धा द्यायची नाही. शिवी दिली की त्याला पुढचं वाक्य मिळतं."

त्याच दुपारी कळप डोहावर निघाला, कारण पाडस आता उभेही राहत नव्हते. हरिणीने त्याला मानेने रेटत रेटत काठापर्यंत आणले. म्होरक्याने खूर दोनदा आपटला, खणखणीत. अर्जुनाच्या शेंड्यावरची फांदी हलली. माना खाली गेल्या.

हरिणीने पहिला घोट घेतला. थंड पाणी घशातून उतरताना तिला दुखले. तिने दुसरा घोट घेतला. पाडसाने काठावरच्या चिखलात पुढचे पाय रोवून जीभ पाण्याला लावली.

"खक्."

"थांबा!" डोमकावळा डोहावर घिरट्या घालत होता. "पळू नका! मी वरून बघतोय, जाळी रिकामी आहे. म्हातारी पुन्हा तेच करतेय. ताई, आत्ता कुठे दोन घोट मिळालेत तुला. पोराचं काय होईल? एकदा मान वर करून बघ तरी."

मुलांनो, हरिणीच्या जागी उभे राहून बघा. तीन दिवसांनी पाणी तोंडाला लागलेले. पळाले तर दूध उतरणार नाही, आणि पाडसाला पळवत न्यायचे तर त्याच्या अंगात त्राण नाही. आणि बघायला लागतो तो फक्त एक श्वास. म्होरक्याची मानसुद्धा जाळीकडे अर्धी वळली होती.

हरिणीने जाळीकडे पाहिले नाही. वरही पाहिले नाही. तिने डोके पाडसाच्या पोटाखाली घातले, त्याला चिखलातून उचलून काठावर फेकले आणि ढुशी देत टेकाडाकडे पळत सुटली. ती पळाली तसा म्होरक्या पळाला, आणि सगळा कळप एका वेळी उठला.

टेकाडावर पोहोचल्यावर पाडस धडपडून पडले आणि पडल्या पडल्या जोरजोराने श्वास घेऊ लागले. ते जिवंत होते. म्होरक्या धापा टाकत हरिणीजवळ आला.

"होता का तो? दिसला तुला?"

"मी बघितलं नाही," हरिणी म्हणाली आणि पाडसाचे तोंड चाटू लागली.

बिबट्या होता. त्याने मागचे पाय पोटाखाली घेतले होते. कळप गेल्यावर तो जाळीतून बाहेर आला, पाडस उभे होते तिथे गेला आणि चिखलात नाक घातले. पाडसाच्या खुरांचे दोन लहान ठसे होते आणि त्यांत पाणी अजून झिरपत होते. बिबट्याने थोडा वेळ वास घेतला आणि तो ओढ्याच्या कोरड्या पात्रातून दूर निघून गेला. चितळांना तो दिसला नाही. डोमकावळ्याला मात्र सगळे स्वच्छ दिसले.

ऊन उतरल्यावर वानरीने चहूकडे नजर फिरवली, चितळांनी वारा हुंगला, आणि दोघेही एकाच वेळी डोहावर आले. डोमकावळा लगबगीने अर्जुनाच्या खालच्या फांदीवर येऊन बसला.

"होता हं," तो सांगू लागला. "दुपारी खरंच होता बिबट्या. पाडसाच्या जागेपर्यंत आला होता. मी या डोळ्यांनी पाहिला."

त्या वैशाखात पदरचे काही न घालता त्याने सांगितलेली ही पहिली बातमी होती. त्याने ती म्होरक्याला सांगितली, हुप्प्याला सांगितली, मग आवाज चढवून सगळ्यांना सांगितली. कोणी रागावले नाही, कोणी त्याला हाकलले नाही, कोणी वर पाहिलेही नाही. हरिणी पोटभर पाणी पीत होती. पाडस तिच्या पोटाशी तोंड लावून पुन्हा पुन्हा ढुशा देत होते, आणि आता त्याच्या ओठांच्या कडेने दूध ओघळत होते.

तात्पर्य : दोघांत भांडण लावणाऱ्याच्या तोंडून काही ऐकले, तर ज्याच्याविषयी ऐकले त्याच्याकडे स्वतः जाऊन विचारावे. भांडण लावणाऱ्याला एकदा एकांतात आणि एकदा सर्वांसमोर समजवावे. तरीही तो बदलला नाही, तर त्याचा सूड घेण्यात किंवा त्याच्याशी वाद घालण्यात वेळ न दवडता त्याला आपला कान देणे बंद करावे.